खांद्याला प्ले आला

चाळीस वर्षं लेथवर काढली, त्यामुळे 'प्ले', म्हणजे जोडातली ढिलाई, काय असते ते मला कुणी शिकवायला नको. दहा वर्षांपूर्वी उजव्या खांद्याचा सांधा बदलला होता, झकास चालला. गेल्या पावसाळ्यात लोणच्याची बरणी उतरवताना आत टक् झालं, आणि मग ते टकटकणं थांबेचना.

एक्स-रेवर डॉक्टरांनी पेन टेकवलं. पाठीच्या फऱ्यावर बसवलेल्या वाटीमागच्या सिमेंटभोवती काळी रेघ. वाटी सैल, डुगडुगतेय. दंडाच्या हाडावरचा गोळा कोबाल्ट-क्रोम धातूचा, वाटी पॉलिथिलीन प्लास्टिकची, म्हणजे झिजणार कोण ते उघडच होतं. मी म्हटलं, "बुश झिजला, बुश बदला." ते हसले. "काका, झिजलेला कीस कुठं गेला ते विचारा ना."

मशीनचं तेल काढून टाकता येतं. इथं कीस मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, किंवा त्याहून बारीक. पांढऱ्या पेशी तो गिळतात, पण पचवणार कशा? मग त्या जी रसायनं सोडतात, त्यांनी शेजारचं हाडच विरघळायला लागतं. पाया गेला की वाटी हलते, हलली की आणखी झिजते.

जिवावर आलं ते थांबणं. सांध्यातलं पाणी काढून तपासायला दिलं, रिपोर्टला चौदा दिवस! खांद्यात एक जंतू फार सावकाश वाढतो म्हणे, आणि तो असेल तर सगळंच गणित वेगळं. नव्हता.

मग उलटा सांधा बसवला: गोळा पाठीच्या फऱ्यावर, वाटी दंडाच्या हाडावर. ही युक्ती फ्रान्समधले सर्जन ग्रामाँ यांची, 1985 ची. विरघळलेल्या हाडातला खड्डा भरायला हाड घातलं, ते स्क्रूंनी आवळलं.

जुनी वाटी बाटलीत घालून दाखवली. मागं तीन खुंट्या, त्यांना सिमेंटचे खडे. वरची कड जाड, खालची नखाएवढी पातळ. मी सवयीनं बाटली उजेडाकडे तिरपी धरली. घरी न्यायला मात्र दिली नाही.

सहा आठवडे हात झोळीत. आता खुंटीला शर्ट अडकवतो. हात पाठीमागे जात नाही, साबण डाव्यानंच. नव्या सांध्यातली वाटीही प्लास्टिकचीच आहे, जरा चिवट जातीची. वर्षाला एक एक्स-रे ठरलाय, आणि रेघ मी आधी बघणार.