नको म्हटलेले बटाटे

रविवार, रात्र

नलूताईंनी पिशवी पुढे केली आणि माझ्या तोंडून "नको" निघून गेलं. वर "घरी आहेत भरपूर" असंही म्हणाले. घरी तीन होते. त्यातल्या एकाला कोंब फुटलेले.

परसातले लाल बटाटे, सकाळीच खणलेले, माती अजून ओली. ताईंनी पिशवी गुपचूप परत आपल्या गाडीत ठेवली आणि कोजागिरीचा विषय काढला. तेव्हापासून मला चैन नाही.

गेल्या वर्षी त्यांच्याकडची दोडकी हसत घेतली होती. तेव्हा नोकरी होती. आता सगळ्यांना कळलंय, सुधीर बोलल्याशिवाय राहिला नसणार. दोडकी ही भेट होती आणि बटाटे मात्र... जाऊ दे.

संध्याकाळी घरी जाववेना, म्हणून इथल्या, डेट्रॉइटच्या ग्रँड सर्कस पार्कात जाऊन बसले. ऑफिसला होते तेव्हा रोज तिथल्या पुतळ्यावरून जायचे. खुर्चीत बसलेला, दाढीवाला हेझन पिंग्री. १८९० ते १८९७ डेट्रॉइटचा महापौर, निवडून आला चार वेळा. खाली कोरलंय, 'लोकांचं दैवत'. आज पहिल्यांदा सगळं वाचलं.

मूळचा मेन राज्यातला, चामडं कापणारा कारागीर. अमेरिकेच्या यादवी युद्धात पकडला गेला, अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत उपाशी राहिला. मग इथे येऊन बुटांचा मोठा कारखाना काढला. शहरातल्या पैसेवाल्यांनी त्याला आपला माणूस म्हणून उभं केलं, आणि हा ट्रामच्या भाड्यावरून, गॅसच्या दरावरून त्यांच्याशीच भांडत बसला. पुढे मिशिगन राज्याचा गव्हर्नरही झाला. पण माझं मन आज १८९४ च्या उन्हाळ्यातच अडकलंय.

आदल्या वर्षीच्या मंदीत कारखाने बंद पडले होते, गरिबांसाठीचा निधी संपत आला होता. भाव वाढेल म्हणून शहरभर लोकांनी जमिनी रिकाम्या टाकल्या होत्या. पिंग्री म्हणाला, एवढा हंगाम त्या द्या. सुमारे ४३० एकर मिळाली. एकेका कुटुंबाला अर्धा एकर, कधी त्याहून कमी. बटाटे, घेवडा, सलगम. वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली. बियाण्याला, अवजारांना पैसे हवेत म्हणून चर्चमध्ये वर्गणी मागितली, तर अगदीच किरकोळ जमली. तेव्हा त्याने स्वतःचा लाडका घोडा लिलावात काढला.

हजाराच्या आसपास कुटुंबांना जमीन मिळाली. अर्ज त्याच्या कितीतरी पट. म्हणजे एवढ्या घरांतून कुणीतरी उठून नाव नोंदवायला गेलं. जर्मन असतील, पोलिश असतील, काल-परवापर्यंत पगार घरी आणणारे. त्यांच्यातलं कुणी दारापर्यंत जाऊन परत फिरलं असेल का? कुणाच्या बायकोने शेजारणीला "आमच्याकडे आहेत" म्हटलं असेल का?

मी स्वतःला समजावलं, त्यांचं वेगळं. त्यांना जमीन मिळाली, घाम त्यांचाच, म्हणून मान खाली घालावी लागली नाही. मला तर आयते मिळत होते. पार्कात बसून हे चांगलं पटलंही. घरी येताना पटेना. ताईंनी कुठे मला मान खाली घालायला सांगितलं होतं? त्यांनी फक्त हात पुढे केला होता.

तो हात भरलेलाच मागे गेला, हे सारखं डोळ्यांसमोर येतंय. पिंग्रीचा विचार केला की मला ती रांगेतली माणसंच दिसत होती. शहराचा महापौर, कारखान्याचा मालक, वर्गणी मागतो आणि जवळपास रिकामा परततो, हे आता दिसतंय. कसा गेला असेल घरी त्या दिवशी? घोडा विकायला काढताना त्याचा राग गेला होता की नाही?

त्या हंगामाचं पीक खर्चाच्या कितीतरी पट निघालं. मग न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फियानेही तेच केलं.

ताई म्हणत होत्या, अजून दोन वाफे खणायचेत, गुडघा साथ देत नाही. सकाळी फोन करून सांगते, खणायला येते. बटाटे मागायला नाही, खणायला. हे दोन मी अजूनही वेगवेगळे ठेवतेय, कळतंय मला. राहू देत. पिशवी मात्र घरूनच घेऊन जाईन, मोठी.