तुम्ही विचारलंत म्हणून: त्या वहीला लाल पेन का लागत नाही?

दर पालकसभेला हा प्रश्न येतोच. निबंधाची वही बघून होते, व्याकरणाची होते, मग खालून तिसरी वही निघते. तपकिरी कव्हर, वर ‘वाचन’ लिहिलेलं. पालक दोन-चार पानं उलटतात आणि थांबतात. “मॅडम, ‘आणी’ दीर्घ लिहिलंय, ‘मूलगा’ दीर्घ लिहिलंय, आणि तुम्ही एकसुद्धा गोल केला नाही? ही वही तपासली नाही का?”

वाचली आहे, तपासलेली नाही. का, ते मागे वीस पालक रांगेत उभे असताना सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

मी पंचवटीच्या बाजूच्या एका शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवते. वर्गात ३८ मुलं. शुक्रवारचा शेवटचा तास वाचनाचा. पेटीतून आपल्याला हवं ते पुस्तक घ्यायचं, घरी न्यायचं आणि आठवड्याभरात वहीत त्याबद्दल काहीतरी लिहायचं. किती ओळी, ते मी सांगत नाही. गोष्टीचा सारांश नको आणि ‘यातून काय बोध मिळतो’ ते नको, एवढं मात्र बजावून सांगते.

पहिली दोन वर्षं ही वहीसुद्धा मी लाल पेनानेच तपासायचे. तेव्हा नववीत एक मुलगा होता, आजीजवळ राहणारा. आईवडील दिंडोरीकडे द्राक्षबागेत. ऑक्टोबरच्या छाटणीला गेले की माल उतरेपर्यंत तिकडेच. तो पेटीतून ‘वनवास’ घेऊन गेला. प्रकाश नारायण संतांचा लंपन आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे वाढतो. मुलाने वहीत लिहिलं होतं:

‘लंपन मनातल्या मनात खुप बोलतो. आई आठवली की जास्ती बोलतो. मी मनात पण गप्प असतो. रवीवारी आईचा फोन येतो तेव्हा पण.’

मी ‘खुप’ला गोल केला. ‘जास्ती’च्या डोक्यावर ‘जास्त’ लिहिलं. ‘रवीवारी’ला गोल. शेवटच्या वाक्याखाली रेघ मारून समासात लिहिलं, ‘वाक्य पूर्ण कर.’ खाली सही, तारीख.

पुढच्या आठवड्यात त्याने नऊ ओळी लिहून आणल्या. एकही चूक नाही. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवलेला होता. त्यानंतर वर्षभर तो मलपृष्ठंच उतरवत राहिला, आणि दहावीला दुसऱ्या शाळेत गेला.

त्या चार ओळी मला कितीतरी दिवसांनी नीट वाचता आल्या. ते सगळं पुस्तक लंपनच्या मनातल्या बोलण्यावर चालतं, हे त्या पोराने कुणी न शिकवता पकडलं होतं. वर स्वतःला त्याच्या शेजारी उभं करून पाहिलं होतं. आपण कुठे वेगळे आहोत तेही त्याला दिसलं, आणि ते त्याने मला सांगितलं. मी त्याला उत्तर दिलं ते उकार-वेलांटीचं. त्याने त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला: इथे चुका मोजतात, तर चूक होणार नाही असंच लिहावं.

तुम्ही म्हणाल, परीक्षेत ‘स्वमत’ असतंच की. असतं. दहावीच्या कृतिपत्रिकेत स्वमताला गुण आहेत, कवितेच्या रसग्रहणालाही आहेत. मी ते मनापासून शिकवते, कारण तुमच्या मुलांचे गुण त्यावर आहेत. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, अशी मुद्द्यांची चौकट मुलांना तोंडपाठ असते. पण गाइडमध्ये स्वमतही तयार मिळतं, आणि मग सराव परीक्षेच्या गठ्ठ्यात दहा-बारा मुलांचं स्वतःचं मत शब्दाला शब्द सारखं निघतं. ‘मला असे वाटते की’ इथून सुरुवात, आणि पुढे वाटण्याचा मागमूस नाही. ते वाचताना माझा जीव तुटतो. चौदा वर्षांच्या पोराला काय वाटतं हे विचारायचं, आणि त्याचं उत्तर मात्र विकत मिळावं!

लुईज रोझेनब्लॅट नावाच्या अमेरिकन प्राध्यापिका होत्या. साहित्य शिकवण्याबद्दलचं त्यांचं पहिलं पुस्तक १९३८ सालचं. कागदावर नुसता मजकूर असतो, वाचणारा आपलं आयुष्य घेऊन त्याच्याकडे आला की मगच त्या दोघांत साहित्य घडतं, अशी त्यांची मांडणी. पुढे त्यांनी एक उदाहरण दिलं, ते मी सारखं सांगते. लेकराने काहीतरी विषारी गिळलंय आणि आई बाटलीवरचं लेबल वाचतेय. उतारा काय, एवढंच तिला हवंय. ते घेऊन ती धावणार. हे एक वाचन. दुसरं वाचन म्हणजे वाचता वाचता आत काय होतंय तिकडे लक्ष देणं. दोन्ही लागतात. आम्ही शाळेत मुलांना गोष्टीसुद्धा बाटलीवरच्या लेबलासारख्या वाचायला लावतो: पात्रं कोण, स्थळ कोणतं, संदेश काय.

मग कुणी काहीही लिहिलं तरी चालतं का? नाही, आणि माझी मुलं हे तुम्हाला माझ्याहून चांगलं सांगतील. गेल्या वर्षी आम्ही ‘श्यामची आई’मधलं पोहण्याचं प्रकरण वर्गात मोठ्याने वाचलं. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे ऐकल्यावर मुलं जरा सरसावून बसतात. श्याम पाण्याला भिऊन लपून बसतो आणि आई शिंपटीने मारत त्याला विहिरीवर पोहायला धाडते. वर्ग दुभंगला. अर्धे म्हणाले, मारायला नकोच होतं. अर्धे म्हणाले, मग शिकला कसा असता? रामकुंडावर काकाने मला असंच ढकललं होतं, असं एकाने ओरडून सांगितलं. एक मुलगी म्हणाली, आईला मारताना वाईट वाटतच होतं. मी एवढंच विचारलं, “कुठे लिहिलंय? दाखव.” सगळी डोकी पुस्तकात गेली. तिच्या बाजूचे ओळी शोधू लागले, समोरचे त्याच ओळी वाचून वेगळा अर्थ लावू लागले. घंटा झाली तरी बाकावरून कुणी उठेना. त्या एका तासात ते प्रकरण माझ्या वर्गाने तीन वेळा वाचलं. बोध विचारला असता तर एकदाच वाचलं असतं आणि उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

पुस्तकं कुठली, हेही विचारता. छोट्यांसाठी मराठीत भरपूर आहे, मोठ्यांसाठी आहेच. तेरा ते सोळाच्या मुलांचं कपाट मात्र लहान आहे. जे आहे ते शोधावं लागतं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात. आपल्या सार्वजनिक वाचनालयाला तर १८४० पासूनचा इतिहास आहे, एकदा पोरांना घेऊन नुसतं फिरून या. आणि मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ नववीच्या मुलाला देऊ का, असं दबक्या आवाजात विचारू नका. ती नववीतल्याच मुलाची गोष्ट आहे. द्या, आणि तुम्हीही वाचा.

आता मी वहीत काय करते ते सांगते. निळ्या पेनाने उत्तर लिहिते, एका वाचकाने दुसऱ्याला लिहावं तसं. ‘मलाही तिथे राग आला होता.’ ‘हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, पुन्हा वाचते.’ ‘असं का वाटलं, ते सांगशील?’ रोज सात-आठ वह्या केल्या की आठवड्यात वर्ग होतो. शुद्धलेखन मी वाऱ्यावर सोडलेलं नाही. वारंवार दिसणाऱ्या चुका टिपून ठेवते आणि सोमवारी फळ्यावर घेते, नाव न घेता. निबंधाच्या वहीत लाल पेन आहे, भरपूर आहे, तुम्ही पाहिलंच असेल. ‘खूप’ दीर्घ लिहायला मूल आज ना उद्या शिकतं. लिहिलेलं कुणी ऐकत नाही असं एकदा त्याच्या मनाने घेतलं, की पुढे ते मला उतरवून काढता आलेलं नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. वही घरी आली की चूक दाखवायच्या आधी तिच्यात एक ओळ तुम्ही लिहा. पुस्तक वाचलेलं नसलं तरी मुलाने लिहिलेलं वाचून लिहा.

गेल्या वर्षी पोहण्याच्या प्रकरणानंतर एका मुलीने लिहिलं होतं, ‘श्यामच्या आईने मारायला नको होते. तो भीत होता हे तिला कळायला पाहीजे होते.’ तिची आई सातपूरला कंपनीत जाते, दुसऱ्या पाळीला. सोमवारी वही परत आली तेव्हा लेकीच्या ओळींखाली वेगळ्या अक्षरात, जरा दाबून लिहिलेलं होतं:

‘मला तर कोणी विहिरीवर जाऊच दिलं नाही. – आई’