कळसूबाईची उतरण

आज डोंगरवाटेवरची पळापळ: पायथ्याचं बारी गाव–कळसूबाई–बारी. शिखर १६४६ मीटर, बारीतून चढ साधारण ९०० मीटरचा. चढताना फक्त दम लागतो. पाय भरतात, नखं काळी पडतात ती उतरताना.

चढावर पळायचा हट्ट नको. हात गुडघ्यावर टेकून भराभर चालणारा माणूस पळणाऱ्याच्या बरोबरीनेच वर पोचतो, शिवाय उतरायला मांड्या ताज्या राहतात. वाटेतल्या लोखंडी शिड्यांवर तर पळणं नाहीच. उतरताना तोंड शिडीकडे, एका वेळी एकच माणूस. पहाटेच्या दवाने लोखंड असं निसरडं होतं की उत्तम ग्रिपचा बूटही सरकतो.

उतारावर पावलं छोटी आणि जलद, गुडघा किंचित वाकलेला, नजर तीन-चार पावलं पुढे. भीतीने मागे रेललात की वजन टाचेवर जातं आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, टाचच आधी सुटते. बूट अर्धा नंबर मोठा हवा. उतरायच्या आधी लेस घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून ओवून पुन्हा घट्ट बांधा, नाहीतर बोटं पुढे आपटत राहतात.

पावसाळ्यानंतर सावलीतल्या कातळावर शेवाळ महिनाभर तरी टिकतं. काळा, चकचकीत दगड दिसला की बाजूच्या मातीवर पाय टाका.

पाणी तासाला अर्धा लिटर, सोबत मीठ-साखर. वाटेतल्या ताक-लिंबूपाण्याच्या टपऱ्या गर्दीच्या दिवशीच खात्रीच्या. आणि हे अभयारण्य आहे हो, स्पीकर घरीच ठेवा. एनर्जी जेलची रिकामी पाकिटं परत खिशात.