पुरावा कोणी द्यायचा?

दिव्यांगांसंबंधीच्या सरकारी धोरणात गेल्या दोन-अडीच वर्षांत बरेच काही घडले आहे. काही नियम बदलले, काही रकमा वाढल्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे एकामागून एक महत्त्वाचे निकाल आले. माझा धाकटा भाऊ पूर्ण अंध आहे, त्यामुळे यातील प्रत्येक बातमी आमच्या घरी लक्ष देऊन वाचली जाते. या सगळ्या घडामोडी एकत्र ठेवून पाहिल्या की एक गोष्ट सतत समोर येते. दिव्यांग व्यक्तीने आपले दिव्यांगत्व पदोपदी सिद्ध करावे अशी अपेक्षा असते, पण सरकारने आणि संस्थांनी आपले कर्तव्य पार पाडल्याचा पुरावा मात्र कोणी मागत नाही.

आधी कायदा पाहू. दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणि उच्च शिक्षणातील किमान पाच टक्क्यांवर गेले. हे सर्वांना ठाऊक असते. कलम ४४ आणि ४५ यांची चर्चा मात्र फारशी होत नाही. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना जागा सहज वापरता यावी यासाठीचे, नियम पाळले नसतील तर इमारतीच्या आराखड्याला परवानगी द्यायची नाही आणि काम झाल्यावर पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही, असे कलम ४४ सांगते. सार्वजनिक वापराच्या जुन्या इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या, असे कलम ४५ सांगते. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ही मुदत जून २०२२ मध्ये संपली. आपल्या तालुक्याच्या तहसील कार्यालयाच्या पायऱ्या, पोस्टाचा उंबरठा आणि जिल्हा न्यायालयाचा दुसरा मजला डोळ्यांसमोर आणून पाहावा, म्हणजे त्या मुदतीचे काय झाले ते कळते.

हे असे का झाले, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी निकालात सापडते. हे प्रकरण २००५ पासूनचे आहे. रस्ते, वाहतूक आणि सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता याव्यात, यासाठी स्वतः दृष्टिबाधित असलेल्या याचिकाकर्त्याने न्यायालयात धाव घेतली होती. २०१७ मध्ये न्यायालयाने सविस्तर निर्देश दिले, ते पुरेसे पाळले गेले नाहीत, आणि पुढे नालसार विधी विद्यापीठाच्या दिव्यांगत्व अभ्यास केंद्राने देशातील परिस्थितीचा अहवाल सादर केला. २०२४ च्या निकालात न्यायालयाने मुळावरच बोट ठेवले. कायद्याचे कलम ४० सक्तीचे मानक ठरवायला सांगते, पण त्याखाली केलेल्या २०१७ च्या नियमांतील नियम १५ केवळ मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतो, आणि त्या सूचनांची भाषा शिफारशीची आहे. न्यायालयाने नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि ज्यात तडजोड चालणार नाही असे किमान नियम वेगळे काढून ते सक्तीचे करण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. पूर्णत्वाचा दाखला रोखून धरणे आणि कलम ८९ खाली दंड करणे हे उपायही न्यायालयाने स्पष्टपणे सांगितले. या दंडाची रक्कम पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येकाला पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत आहे.

माझ्या मते अलीकडच्या काळातील हा सर्वांत महत्त्वाचा निकाल आहे. उतार किती असावा, दरवाजा किती रुंद असावा, कठडा कोणत्या उंचीवर असावा, हे सांगणारी पुस्तिका उपलब्ध असूनही ती न पाळणाऱ्याचे काहीच बिघडत नव्हते. इतकी वर्षे ज्याला हक्क म्हटले, त्याची अंमलबजावणी अधिकाऱ्याच्या सौजन्यावर सोडलेली होती.

आता दुसरी बाजू पाहू. दिव्यांग व्यक्तीला प्रत्येक योजनेच्या दारात प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे विशेष ओळखपत्र, दाखवावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने या प्रक्रियेचे नियम बदलले. अर्ज आता यूडीआयडीच्या संकेतस्थळावरूनच करायचा असतो. दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांच्या आत असल्यास पांढरे कार्ड, चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान पिवळे आणि ऐंशी किंवा त्याहून अधिक असल्यास निळे, अशी रंगांची विभागणी झाली. प्रमाणपत्र देण्याची मुदत पूर्वी एक महिन्याची होती, ती तीन महिन्यांची करण्यात आली. म्हणजे कर्तव्य पार पाडायला सरकारने स्वतःसाठी सवलत घेतली, पण ज्याला त्या कागदावाचून ना प्रवेश मिळतो ना अनुदान, त्याच्या परीक्षेची आणि अर्जाची तारीख कोणी पुढे ढकलत नाही.

तपासणीच नको, असे मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याच्या प्रकरणावरून बनावट प्रमाणपत्रांचा प्रश्न देशभर गाजला आणि महाराष्ट्रात सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी सुरू झाली. खोटा दाखला देणारा खऱ्या दिव्यांगाची जागा खातो, त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण पडताळणीचा भार शेवटी खऱ्या दिव्यांगांवरच येतो. ज्याचा पाय लहानपणापासून पोलिओने गेला आहे, त्याने पुन्हा एकदा सिव्हिल हॉस्पिटलच्या वैद्यकीय बोर्डापुढे रांग लावायची आणि तोच पाय पुन्हा दाखवायचा. खोट्या दाखल्यांवर सह्या करणाऱ्यांची चौकशी मात्र तितक्या तत्परतेने झालेली दिसत नाही.

टक्क्यांच्या या हिशेबालाही न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वेगळे वळण दिले. वाचा आणि भाषेचे दिव्यांगत्व असलेल्या एका विद्यार्थ्याला केवळ ठरावीक टक्केवारीमुळे एमबीबीएसचा प्रवेश नाकारला जात होता. केवळ टक्क्यांच्या आकड्यावर कोणाला अपात्र ठरवता येणार नाही, अभ्यासक्रम पूर्ण करण्याची त्याची क्षमता दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने प्रत्यक्ष तपासली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवेतून दृष्टिबाधितांना वगळणारा नियम रद्द झाला. तो निकाल वाचून झाल्यावर भाऊ कितीतरी वेळ त्याच विषयावर बोलत होता, कारण कायद्याचे शिक्षण घेण्याचा विचार त्याने पूर्वी ‘आपल्याला पुढे वावच नाही’ म्हणून सोडून दिला होता.

३० एप्रिल २०२५ चा डिजिटल केवायसीवरील, म्हणजे ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवण्यावरील, निकाल तर थेट त्याच्या हातातल्या फोनशी संबंधित आहे. एका बँकेच्या अ‍ॅपमध्ये खाते उघडताना काय होते, ते मी त्याच्या शेजारी बसून पाहिले आहे. पडद्यावरचे वाचून दाखवणारे टॉकबॅक चालू असते, भाऊ बोट फिरवतो आणि फोन नुसते ‘अनलेबल्ड बटन, अनलेबल्ड बटन’ (नाव नसलेले बटन) म्हणत राहतो. त्यानंतर चेहरा वर्तुळात आणण्याची सूचना येते, पण वर्तुळ डावीकडे आहे की उजवीकडे हे आवाजात कोणी सांगत नाही. मग पापण्या मिटण्याची सूचना येते, वेळ संपते आणि सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. अखेर फोन माझ्या हातात द्यावा लागतो, आणि ओटीपी, पॅन, पगार असे सगळे खासगी तपशील दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जातात. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिबाधित याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सुगम्यता हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पापण्या मिटण्याला पर्याय द्या, अंगठ्याचा ठसा स्वीकारा, कागदी केवायसी बंद करू नका आणि प्रणालीची सुगम्यता तज्ज्ञांकडून वेळोवेळी तपासून घ्या, अशा स्वरूपाचे वीस निर्देश त्यात आहेत. तपासणी संस्थेची व्हावी, ही दिशा मला योग्य वाटते.

पैशांच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संजय गांधी निराधार योजनेतील दिव्यांगांचे मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. ही वाढ खरोखरच दिलासा देणारी आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाचा वाटा मात्र महिना ३०० रुपयांवर अडकून पडला आहे, आणि तोही दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील ऐंशी टक्के दिव्यांगत्व असलेल्यांनाच मिळतो. प्राप्तिकरात दिव्यांगांना ७५ हजार किंवा सव्वा लाख रुपयांची जी वजावट मिळते, ती नव्या करप्रणालीत मिळत नाही, आणि आता वेगळा पर्याय निवडला नाही तर नवी प्रणालीच आपोआप लागू होते. नोकरी करणाऱ्या दिव्यांगांपैकी अनेकांच्या हे लक्षातही आलेले नसते.

कलम ४४ नुसार पूर्णत्वाचे दाखले देताना सुगम्यतेची तपासणी कोणी केली, किती दाखले रोखले आणि कलम ८९ खाली आजवर किती दंड वसूल झाला, एवढे तीन प्रश्न विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी आमच्या नगरपालिकेकडे दिला आहे. दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर हा अर्ज कोणालाही करता येतो. उत्तर आले नाही किंवा तपासणी झालीच नसल्याचे उत्तर आले, तर तोच कागद जोडून पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करायची, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. आपल्या गावात हे प्रश्न विचारणार असाल, तर मिळालेले उत्तर मला अवश्य कळवा.