कंपनी तयार आहे, आता प्रस्ताव कसा लिहू?

"आमचं संशोधन प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, एक कंपनीही सोबत यायला तयार आहे. आता अनुदानाचा प्रस्ताव कसा लिहू?" विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षात काम करायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. विचारणारे घाईत असतात, कारण मुदत पंधरा-वीस दिवसांवर आलेली असते. मी त्यांना उलट विचारते, "कंपनी तयार आहे म्हणजे कंपनीतलं नेमकं कोण तयार आहे?"

बहुतेकांच्या हातात एक पत्र असतं. कंपनीच्या लेटरहेडवर चार ओळी: प्रकल्पात आम्हाला रस आहे, तो यशस्वी झाल्यास पुढील सहकार्याचा विचार करू, शुभेच्छा. खाली एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याची सही. परीक्षक म्हणून अशी पत्रं मी बरीच वाचली आहेत. त्यातून एवढंच कळतं की सही करणाऱ्याचं काहीच पणाला लागलेलं नाही. याउलट काही पत्रांत लिहिलेलं असतं की आमचा प्रक्रिया अभियंता आठवड्यातला एक दिवस या कामाला देईल, चाचणीसाठी आमचं यंत्र महिन्यातून दोन दिवस मोकळं ठेवू, आणि ठरलेला आकडा गाठला गेला तर पुढच्या टप्प्याचा खर्च आमचा. असं पत्र आलं की मी प्रस्ताव पुन्हा पहिल्या पानापासून वाचते.

विद्यापीठ आणि कंपनी यांच्या भागीदारीला मिळणारं हे अनुदान कशासाठी असतं ते आधी पाहू. तंत्रज्ञान किती पिकलंय हे मोजायला नासाने एक पट्टी तयार केली. तिच्यावर आज 1 ते 9 अशा पायऱ्या आहेत आणि जगभरचे निधी देणारे ती वापरतात. पहिल्या तीन पायऱ्या, म्हणजे मूळ तत्त्वापासून ते कल्पना चालते एवढं दाखवण्यापर्यंत, नेहमीच्या संशोधन अनुदानातून चढता येतात. शेवटच्या दोन पायऱ्यांवर कंपन्या स्वतःचा पैसा घालतात, कारण तिथे विक्री दिसायला लागलेली असते. मधल्या पायऱ्यांना कोणी वाली नसतो. विद्यापीठाला त्यातून शोधनिबंध मिळत नाहीत, कंपनीला त्यात धोका फार दिसतो. या पट्ट्याला आमच्या क्षेत्रात 'मृत्यूची दरी' म्हणतात, आणि भागीदारीची अनुदानं ती ओलांडण्यासाठीच असतात.

म्हणून परीक्षकाच्या मनात एकाच वेळी दोन प्रश्न असतात, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात. कंपनीला हे खरंच हवं असेल तर ती स्वतः पैसे का घालत नाही? आणि हवं नसेल, तर सार्वजनिक पैशातून काम पूर्ण झाल्यावर ते उचलणार कोण? नामंजूर झालेल्या प्रस्तावांत मला बहुधा यातल्या एकाच प्रश्नाचं उत्तर सापडतं. कंपनी फार उत्साही दाखवली की पहिला प्रश्न मोकळा राहतो, शास्त्र फार खोलात मांडलं की दुसरा. दोन्हींचं उत्तर एकाच वाक्यात बसायला हवं: कंपनीला हे हवं आहे, पण अमुक एका गोष्टीची खात्री नसल्यामुळे ती पुढे येऊ शकत नाही, आणि ती खात्री आम्ही या पैशातून करून देणार आहोत. ती 'अमुक एक गोष्ट' कोणती, हे प्रयोगशाळेत बसून कळत नाही.

पाणी गाळण्याच्या पडद्यावर काम करणारा एक गट माझ्याकडे आला होता. पडदा खरोखर उत्तम होता. त्याचा तळहाताएवढा गोल तुकडा स्टीलच्या छोट्या चाचणी-कोठीत बसवून त्यांनी मापनं घेतली होती. पाणी जास्त वेगाने जात होतं, क्षार चांगले अडत होते. प्रस्तावाचा मसुदा पाण्याच्या जागतिक टंचाईपासून सुरू होत होता. मी म्हटलं, आधी कंपनीतल्या अशा माणसाला बोलवा, ज्याला हा पडदा उद्या रोज वापरावा लागेल. बऱ्याच फोनाफोनीनंतर एक प्रक्रिया अभियंता आले. येताना त्यांनी प्लांटमधून निकामी झालेली पडद्याची एक गुंडाळी सोबत आणली होती. टेबलावर कागद अंथरून त्यांनी ती चाकूने उभी चिरली आणि थर एकेक करून उलगडले. पडद्यावर तपकिरी, बुळबुळीत साय धरली होती. कडेला, जिथे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, तिथला गोंद सुटून पापुद्रे निघत होते. ते म्हणाले, "आम्ही हे दर पंधरवड्याला धुतो. आधी कॉस्टिक सोड्याने, मग आम्लाने. तुमचा पडदा किती धुण्यांपर्यंत टिकतो?"

खोलीत कोणी बोलेना. गटाने पडदा एकदाही धुतला नव्हता. प्रत्येक मापनासाठी नवा तुकडा घेतला होता, आणि शोधनिबंधासाठी तसं करण्यात काहीच चूक नव्हती. एका विद्यार्थिनीने तो सुटलेला गोंद बोटाने दाबून पाहिला आणि विचारलं, "म्हणजे पडदा शाबूत असला तरी गोंद सुटला की सगळं फुकट?" अभियंत्यांनी मान हलवली. त्या एका तासात प्रस्तावाचा मध्यबिंदू सरकला. कंपनीला वेगाचा आकडा नको होता, धुण्याचा आकडा हवा होता. तो आकडा काढायला वर्षभर एक यंत्र अडकवून ठेवावं लागणार होतं, आणि तेवढ्यासाठी कंपनी चालू प्लांट थांबवू शकत नव्हती. परीक्षकाच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर तिथेच होतं.

दुसरी गोष्ट कराराची. "अनुदान मिळू दे, मग करार बघू," असं लोक म्हणतात तेव्हा मला खरोखर काळजी वाटते. पैसा आल्यावर प्रत्येक वाक्याची किंमत वाढलेली असते. अमेरिकेत 1980 च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी स्वतःकडे ठेवण्याची मुभा विद्यापीठांना दिली, आणि पुढे अनेक देशांनी तसे नियम केले. पण कायदा झाला म्हणून मालकी आपोआप विद्यापीठाची होत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि रोश ही औषध कंपनी यांच्यातला खटला नवीन संशोधकांना मी आवर्जून सांगते. स्टॅनफर्डच्या एका संशोधकाने विद्यापीठाशी केलेल्या करारात 'हक्क देण्याचं मान्य करतो' असं लिहिलं होतं. मग पीसीआर हे डीएनएच्या प्रती वाढवण्याचं तंत्र शिकायला तो सीटस या कंपनीत गेला (तिचा पीसीआरचा व्यवसाय पुढे रोशने घेतला), आणि तिथे भेट देणाऱ्यांच्या कागदावर 'हक्क याद्वारे देत आहे' या मजकुराखाली त्याने सही केली. 'देईन' आणि 'देत आहे' एवढाच फरक. एचआयव्हीच्या चाचणीसंबंधीच्या पेटंटांवरचा हा वाद 2011 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि स्टॅनफर्ड हरलं. तेव्हा तुमचा विद्यार्थी कंपनीच्या फाटकावर कसला कागद भरतो, तो आधी वाचा.

करारात चार गोष्टी तरी स्पष्ट हव्यात. येताना कोणी काय घेऊन आलं, प्रकल्पात जे नवं निघेल ते कोणाचं, कंपनीला ते कोणत्या क्षेत्रापुरतं आणि किती काळ वापरता येईल, आणि प्रकाशनाचं काय. कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची गरज नाही. ब्रिटनमध्ये लॅम्बर्ट टूलकिट नावाने नमुना करार तयार आहेत. मालकी कोणाकडे आणि परवाना कोणाला, याचे वेगवेगळे पर्याय त्यात वेगवेगळ्या करारांत मांडलेले आहेत. ते वाचले तरी निम्मे वाद आधीच ध्यानात येतात.

प्रकाशनावर मी अडून बसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत थायरॉइडच्या औषधांची तुलना करणारा एक अभ्यास 1990 च्या सुमारास पूर्ण झाला. अभ्यासाला पैसा देणाऱ्या कंपनीच्या महागड्या औषधाइतकीच इतर औषधंही काम करतात, असा त्याचा निष्कर्ष होता. करारात मात्र कंपनीच्या लेखी संमतीशिवाय प्रकाशन न करण्याचं कलम होतं. तो निबंध छापून यायला 1997 उजाडलं. पेटंट अर्जासाठी 30 ते 90 दिवस थांबणं योग्यच आहे. युरोपात तर अर्जाआधी शोध जाहीर झाला की पेटंटचा हक्क जवळपास गेलाच म्हणून समजा. पण ठरावीक दिवसांचं थांबणं वेगळं आणि कंपनीच्या हाती नकाराधिकार देणं वेगळं. नकाराधिकार असलेल्या प्रकल्पावर पीएचडीचा विद्यार्थी बसवू नका. त्याच्या आयुष्याची चार-पाच वर्षं दुसऱ्याच्या संमतीवर टांगलेली राहतात, आणि करार होताना तो खोलीत नसतो.

योजनेची निवड करताना काम कोण करणार हे बघा. अमेरिकेत छोटी कंपनी आणि संशोधन संस्था यांच्या संयुक्त कामाला पैसा देणाऱ्या एसटीटीआर योजनेत किमान 40 टक्के काम छोट्या कंपनीने आणि किमान 30 टक्के संशोधन संस्थेने करायचं असतं, शिवाय बौद्धिक संपदेची वाटणी लेखी ठरवावी लागते. ब्रिटनच्या नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिपमध्ये एक पदवीधर विद्यापीठाच्या नोकरीत राहून प्रत्यक्ष कंपनीत बसून काम करतो. मला ही रचना मनापासून आवडते. अहवाल कपाटात राहू शकतो, माणूस मात्र रोज समोर असतो.

अंदाजपत्रकाबद्दल थोडक्यात: कंपनीचा वाटा वस्तुरूपात दाखवत असाल तर यंत्राचे तास आणि माणसांचे दिवस मोजून लिहा, गोळाबेरीज आकडा नको. पेटंटचा खर्च कोण करणार तेही आत्ताच लिहा.

आणि मुदत पंधरा दिवसांवर आली असेल, यातलं काहीच झालं नसेल, तर ही खेप सोडा. पडद्याच्या गटाने सोडली. सोपं नव्हतं, एका सहकाऱ्याची नेमणूक त्या पैशावर अवलंबून होती. विभागाकडे होत्या तेवढ्या तुटपुंज्या रकमेत त्यांनी तुकडे धुवायला सुरुवात केली. नवव्या धुण्यानंतर क्षार अडवण्याची क्षमता घसरू लागली. त्यांनी पडद्याची रसायनं बदलली, पुन्हा धुतलं. अभियंते महिन्यातून एकदा येत, आकडे वहीत उतरवून नेत. पुढच्या खेपेला प्रस्ताव गेला तेव्हा पहिल्या पानावरून पाण्याची टंचाई गेली होती. तिथे धुण्यांचा तक्ता होता, आणि त्याखाली त्या अभियंत्यांची सही.