साल एक्केचाळीस

"ताई, पैसे आत्ताच द्यायचे का?" असं म्हणत सरांनी खिशातून पाकीट काढलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की आजचा दिवस सरळ जाणार नाही.

झालं होतं असं, की शेजारी बसलेल्या बाईंना मी दर दोन वाक्यांनी "फी, फी" म्हणत होते. थाईत 'फी' म्हणजे ताई किंवा दादा. वयाने मोठ्या कुणालाही असंच म्हणायचं. सरांना वाटलं, बाई मोफत बोलायला तयार नाहीत आणि मी त्यांच्या वतीने घासाघीस करतेय. मी हे फींना सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की पुढच्या रांगेतल्या जपानी मंडळींनी वळून पाहिलं.

मी बँकॉकमध्ये दुभाषाचं काम करते. सतरा वर्षं झाली. निम्मं काम इस्पितळात, भारतातून उपचारांना आलेल्या पेशंटबरोबर. उरलेलं इथल्या सिलोम भागातल्या खडे-व्यापाऱ्यांत. खेळाशी संबंध म्हणाल तर शाळेत लंगडी खेळायचे, तेवढाच. पण जुलै २०२३ मध्ये आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा इथे, सुफाचलासाय राष्ट्रीय स्टेडियमवर भरली आणि सातारा जिल्ह्यातले एक क्रीडाशिक्षक स्वतःच्या खर्चाने ती पाहायला आले. तालुका माण, म्हणजे धावपटू ललिता बाबर यांचा. "आमच्याकडं पाणी नाही, पण पळणारी पोरं हायत," ही त्यांची ओळख. त्यांच्या शाळेतल्या तीन मुली 'ट्रिपल', म्हणजे तिहेरी उडी मारतात. सरांना मोठ्या प्रशिक्षकाला भेटायचं नव्हतं. "आपल्यासारख्याच गावात शिकवणारं कुणी बघा," म्हणाले. माझ्या एका थाई मैत्रिणीने या फींची गाठ घालून दिली. एके काळी लांब उडी आणि तिहेरी उडी दोन्ही मारायच्या, आता बँकॉकबाहेर एका शाळेत खेळ शिकवतात. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही.

त्या संध्याकाळी महिलांच्या लांब उडीची अंतिम फेरी होती. आम्ही तिघं वाळूच्या बाजूला, मध्ये मी. आदल्या रात्री मी शब्द घोकून ठेवले होते. लांब उडीला थाईत 'क्रदोत क्लाय' म्हणतात: दूर उडी, सरळ मामला. तिहेरी उडीचं थाई नाव मात्र मला फार आवडलं. 'खयेंग काव क्रदोत'. खयेंग म्हणजे एका पायावर उडणं, आपली लंगडी. काव म्हणजे पाऊल. क्रदोत म्हणजे उडी. आपण नुसतं 'तिहेरी' म्हणून मोकळे होतो. यांनी काय काय करायचं ते नावातच सांगून ठेवलंय. हे ऐकून सर खूश झाले. वहीत त्यांनी लिहिलं: लंगडी-पाऊल-उडी. म्हणाले, "पोरींना शिकवताना घोळ हितंच होतो. पहिली उडी ज्या पायानं, त्याच पायावर पडायचं. मग दुसरा पाय. आता लंगडी म्हटलं की संपलं."

मग फी स्वतःची हकीगत सांगू लागल्या. सुरुवात लांब उडीपासून, कारण त्या शाळेत असताना मुलींना तिहेरी उडी मारू देत नसत. पोटाला, गर्भाशयाला धक्का बसेल म्हणायचे. बायकांची तिहेरी उडी ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी १९९६ साली, अटलांटाला. शिवाय लांब उडीत फिलिपिन्सची एल्मा मुरोस होती. आग्नेय आशियाई स्पर्धांत लांब उडीची ८ सुवर्णपदकं तिच्या नावावर. "ती उतरली की आम्ही बाकीच्या दुसऱ्या नंबरासाठी भांडायचो," फी म्हणाल्या. मग एक्केचाळीसचं वर्ष आलं आणि त्यांनी दूर उडी बाजूला ठेवून खयेंग-काव-क्रदोत धरली.

मी ते मराठीत केलं: "एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांनी तिहेरी उडी सुरू केली."

सरांचं पेन थांबलं. "एक्केचाळिसाव्या?"

"हो."

"आणि आमच्या पोरी पंधराव्या वर्षी म्हणत्यात, सर, आता उशीर झाला." त्यांनी ते वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.

पुढची वीस मिनिटं काम छान चाललं, असं मला वाटत होतं. खाली उड्या चालू होत्या, पंच कधी पांढरा झेंडा वर करत, कधी लाल, म्हणजे उडी बाद. फींची नजर उडीवर नसायचीच. मुलगी हवेत असताना त्या उडी घ्यायच्या पांढऱ्या फळीकडे बघत राहायच्या, आणि झेंडा वर जायच्या आधीच "साफ" किंवा "गेली" असं पुटपुटायच्या. मी मोजलं नाही, पण चुकल्याचं मला आठवत नाही.

सरांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला: लंगडीवरून पडताना पाय कसा टेकवायचा? मुली पाय पुढे टाकून थांबतात, ब्रेक लागतो, पुढचं पाऊल तोकडं पडतं. फी विचारात पडल्या. मग उठल्या आणि आम्हाला मागच्या जिन्याखालच्या मोकळ्या जागेत घेऊन गेल्या. स्वतःच्या चपला काढून फरशीवर अंतराने ठेवल्या. इथे पायाने काही दाखवणं असभ्य समजतात, म्हणून स्वतःच्या पायाने दाखवण्याआधी त्यांनी हात जोडून "खो थोत" म्हटलं, माफ करा. मग म्हणाल्या: पाय टाकायचा नाही. कोंबडी उकरते ना, तसा. पाय खाली येतानाच मागे ओढत आणायचा.

हे वाक्य भाषांतर करायला मला पळभरसुद्धा लागलं नाही. "सर, कोंबडी उकिरडा उकरते तसं."

सर तिथेच, तुळतुळीत फरशीवर, बुटांनी उकरू लागले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. फी वाकून बघत होत्या. टाच आधी आली की मान हलवायच्या, अख्खा तळवा मागे सरकत टेकला की "आं!" म्हणायच्या. एक सुरक्षारक्षक येऊन उभा राहिला आणि काही न बोलता परत गेला.

जागेवर परतल्यावर सरांनी शेवटचा प्रश्न विचारला, थांबलात कधी? फी म्हणाल्या, अठ्ठेचाळीसला. मी सांगितलं, "अठ्ठेचाळिसाव्या वर्षी."

सर लिहिता लिहिता थबकले. "ताई, ह्यांचं आत्ता वय काय?"

विचारलं. सेहेचाळीस.

"मग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कशा थांबल्या?"

आता मला घाम फुटला. थाई लोक सालं बौद्ध शकात मोजतात. आपल्या सनात ५४३ मिळवायचे. २०२३ म्हणजे त्यांचं २५६६. आणि बोलताना सुरुवातीचे दोन आकडे गाळतात, आपण 'बाहत्तरचा दुष्काळ' म्हणतो तसं. फी 'पी सी सिप एत' म्हणत होत्या, म्हणजे साल एक्केचाळीस: २५४१, आपलं १९९८, बँकॉकला आशियाई खेळ झाले ते वर्ष. तेच 'सी सिप एत पी' असं उलटं म्हटलं की एक्केचाळीस वर्षं. एवढाच फरक, आकडा आधी की नंतर. सतरा वर्षं इस्पितळात मी दिवसातून वीसदा पेशंटचं वय विचारते. कान तिकडेच झुकला. वर मराठीतल्या 'वर्षी'ने माझी चूक बेमालूम झाकली. तिहेरी उडी एकविसाव्या वर्षी धरली होती त्यांनी. आणि २५४८, म्हणजे २००५ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी थांबल्या होत्या.

मी दोघांची माफी मागितली. सर काही बोलले नाहीत, वहीतल्या दोन रेघांकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा उतरला होता. माझ्या चुकीनं त्यांना मुलींना सांगायला एक भारी गोष्ट मिळाली होती आणि ती मी परत घेत होते. फींना मात्र मजा वाटली. "एक्केचाळिसाव्या वर्षी?" त्या म्हणाल्या. "त्या वर्षी मला जिना उतरवत नव्हता."

आणि मग न विचारताच त्यांनी थांबण्याचं कारण सांगितलं. इथे मी जपून होते, कारण हे माझ्या रोजच्या कामाचे शब्द. थाईत दुखण्याला दोन वेगळे शब्द आहेत. 'पुअत' म्हणजे आतून ठणकणारं, मुरलेलं दुखणं. 'जेप' म्हणजे इजा, लागणं, कळ. कुठला शब्द निवडलाय त्यावर डॉक्टर पुढचा प्रश्न ठरवतात. फी म्हणाल्या, टाच सात वर्षं पुअत होती, त्याचं काही नाही, सगळ्यांचीच असते. तिहेरी उडीत एका पायावर शरीराच्या वजनाच्या दहापटीहून जास्त भार येतो, तो कुठेतरी साठणारच. मग एका सकाळी सरावात, स्पर्धेत नव्हे, दुसऱ्या पावलाला गुडघ्यात जेप झालं. प्रशिक्षकांनी विचारलं, पुअत की जेप? "मी पुअत म्हणाले," फी म्हणाल्या, "आणि आणखी चार उड्या मारल्या."

सरांनी विचारलं, खोटं का बोलल्या? मी ते थाईत नेलंच नाही. पहिल्यांदाच असं केलं. फींनी माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही.

खाली निकाल लागला. जपानच्या सुमिरे हाताची उडी ६.९७ मीटर, आपल्या शैली सिंगला ६.५४ मीटरवर रौप्य. सर उभे राहून ओरडले, फींनीही टाळ्या वाजवल्या. वहीत सरांनी 'एक्केचाळीस' खोडून वर बारीक अक्षरात १९९८ लिहिलं. कोंबडीची ओळ तशीच ठेवली.

निघताना सरांनी माझी फी दिली, या वेळी खरी. स्टँडच्या पायऱ्या उंच आहेत. फी कठडा धरून आडव्या होऊन उतरत होत्या, एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर. मी दोन पायऱ्या पुढे होते. मागून सरांचा आवाज आला, माझ्याशिवाय, थेट त्यांना:

"जेप?"

फी थांबल्या, वळल्या, आणि शाळेतल्या पोराला शिकवावं तसं सावकाश म्हणाल्या, "पुअत."