उशाशी प्रार्थना नको

दाखल होताना भरायच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने 'नाही' लिहिलं होतं. खाली, कुणी विचारलेलं नसताना, आणखी एक ओळ जोडली होती: 'उशाशी प्रार्थना नको.' अक्षर सुरेख, पूर्णविराम जागच्या जागी. हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला माणूस.

मी त्या पॅलिएटिव्ह केअर वॉर्डाचा पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक. आजार बरा होण्यापलीकडे गेला, तरी दुखणं कमी करता येतं, सोबत देता येते, त्यासाठी हा वॉर्ड आहे. फॉर्म वाचून मी त्यांच्याकडे गेलो आणि बसू का, असं विचारलं.

"बसा. पण तुमच्या धंद्याचं काही काढायचं नाही."

"कबूल," मी म्हणालो.

मग मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागलो, कारण त्यांच्या हातांना आता कागद पेलत नव्हता. डोळे मिटून ऐकायचे. कुठे वाक्य अडखळलं की तर्जनी वर व्हायची. "परत वाचा." मी परत वाचायचो. "कर्ता एकवचनी, क्रियापद अनेकवचनी. कुणी पाहिलंच नाही." यातून त्यांना जे समाधान मिळायचं ते मला चेहऱ्यावर दिसायचं, आणि त्या वेळी दुखण्याचा विसर पडायचा हे नर्सही सांगायच्या.

ते ख्रिस्ती घरातच जन्मलेले. तरुणपणी विश्वास सुटला, बायकोचा मात्र शेवटपर्यंत टिकला, आणि या दोघांचा संसार त्यामुळे कधी अडला नव्हता. बायको आजारी पडली तेव्हा प्रार्थनेसाठी काही मंडळी घरी येऊ लागली. त्यांच्यापैकी एकाने तिला सांगितलं की नवऱ्याच्या अविश्वासामुळे तुझं बरं होणं अडलंय. ती गेली ती हे मनात घेऊन. "तिने मला दोष दिला नाही," ते म्हणाले, "पण शेवटचे काही दिवस माझ्याकडे बघताना तिच्या डोळ्यांत भीती असायची. माझ्यासाठी." एवढं बोलून त्यांनी वर्तमानपत्राकडे बोट केलं. वाचा पुढे.

हे ऐकल्यावर त्या माणसांचा मला राग आला, आणि तो अजून आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी जाहीर केलेल्या एका दस्तऐवजात नास्तिकतेबद्दल लिहिताना म्हटलंय की तिच्या वाढीत विश्वासणाऱ्यांचाही वाटा असू शकतो. आपल्या वागण्याने आपण देवाचं खरं रूप दाखवण्याऐवजी झाकून टाकतो. मी कॅथलिक नाही. तरीही ते वाक्य मी आमच्या बायबल अभ्यासात पुन्हा पुन्हा वाचून दाखवलंय. समोरचा माणूस देव का मानत नाही, असं विचारताना आपण त्याच्याशी कसे वागलो हे आधी विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

धंद्याचं मी काही काढलं नाही, पण त्यांनी काढलं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली चांगल्या शोमरोन्याची, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची, गोष्ट त्यांना लहानपणापासून पाठ होती. "त्या गोष्टीत सगळ्यांची ओळख दिलीय," ते म्हणाले. "याजक, मंदिराचा सेवक लेवी, शोमरोनी. जो मार खाऊन रस्त्यावर पडलाय त्याचा मात्र ना धर्म सांगितलाय, ना गाव. शोमरोनी त्याला काही विचारत नाही. जखमांवर तेल आणि द्राक्षारस घालतो, उतारशाळेत नेतो, दोन दीनार देतो आणि आपल्या वाटेने जातो. बरा झाल्यावर आम्हा शोमरोन्यांच्या डोंगरावर उपासनेला ये, असंही म्हणत नाही." मी आजवर या उताऱ्यावर अनेकदा उपदेश केलाय, पण ही बाजू माझ्या उपदेशात कधी आली नव्हती.

एकदा त्यांनी सरळच विचारलं. "मी मेल्यावर माझं काय होणार, असं तुम्ही मानता?"

बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितलंय की तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने द्या. विचारलं तर. इथे विचारलं होतं, त्यामुळे उत्तर टाळणं हाही अपमानच झाला असता. मी म्हणालो, "तुमचा न्याय करणं माझ्याकडे सोपवलेलं नाही. ज्याच्याकडे आहे तो माझ्याहून फार दयाळू आहे, एवढं मी मानतो. त्यापुढचं मला सांगता येत नाही."

"हे उत्तर नव्हे."

"नाही," मी म्हणालो. "पण यापेक्षा जास्त बोललो तर खोटं बोलल्यासारखं होईल."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुमच्या घरी तुम्ही माझ्यासाठी काय करता ते मी विचारणार नाही. माझ्या उशाशी नको. मी शुद्धीवर नसेन तेव्हाही नको." मी पुन्हा शब्द दिला. नर्सना सांगून फाइलमध्येही ते नोंदवलं.

तो दिवस आला तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. मॉर्फिन सुरू होतं, चेहरा शांत होता. श्वास मध्येच थांबायचा आणि मोठा होऊन परत यायचा. गुडघ्यांवर निळसर जाळी उमटली होती. मुलगी पहाटेच्या गाडीने पोहोचली होती. आईचा विश्वास तिच्याकडे आलेला. तिने मला पाहिलं आणि माझा हातच धरला.

"पाळकसाहेब, बरं झालं तुम्ही आहात. बाबांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा. आता त्यांना कळणार नाही."

मी तिला ती ओळ सांगितली आणि माझा शब्दही.

"ते रागात बोलले असतील. त्यांचा आत्मा धोक्यात आहे आणि तुम्ही फॉर्म दाखवता? तुम्ही पाळक आहात ना?" तिचा आवाज चढला होता. शेजारच्या खाटेवरच्या आजी बघू लागल्या. मी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं.

तिथे ती येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराबद्दल बोलली. शेवटच्या घटकेला वाचला तो. मी म्हणालो, "ताई, त्याने स्वतः मागितलं होतं. 'माझी आठवण करा' हे त्याचे शब्द होते, बाजूला उभ्या असलेल्या कुणी त्याच्या वतीने म्हटलेले नव्हेत." ती रडू लागली. बाप हातातून निसटत असताना तिला वाद घालायचा नव्हता, हे उघड होतं. तिला काहीतरी करायचं होतं. मी म्हणालो, "देवाला तुमच्या बाबांपाशी यायला माझ्या आवाजाची गरज नाही. आणि त्यांना आता बोलता येत नाही, म्हणून मी शब्द मोडला, तर तुमच्या आईपाशी जे झालं तेच मी पुन्हा केल्यासारखं होईल." आईची गोष्ट तिला माहीत होती. तिने मान खाली घातली.

मग आम्ही वॉर्डाच्या टोकाला असलेल्या प्रार्थनेच्या खोलीत गेलो. तिथे मी तिच्यासोबत प्रार्थना केली, तिच्यासाठी आणि तिच्या वडिलांसाठी, तिला हवा तेवढा वेळ. त्यांनी ज्याला ना म्हटलं होतं त्यात हे नव्हतं.

परत आल्यावर नर्सने तिला ओला स्पंज कसा धरायचा ते दाखवलं. ओठांच्या कडा, मग गालाच्या आतली बाजू, मग जीभ. पाणी घशात जाईल इतकं ओलं करायचं नाही. ती हे फार जपून करत होती. मी वर्तमानपत्र तिच्या हातात दिलं आणि त्यांना काय आवडायचं ते सांगितलं. तिने अग्रलेख वाचायला घेतला. एका वाक्यापाशी थांबली, "बाबा, इथे चुकलंय," असं म्हणाली आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. बोट हललं नाही. ती वाचत राहिली.

हॉस्पिस म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या आजाऱ्यांची काळजी घेणारं घर. आधुनिक हॉस्पिसची चळवळ ज्यांच्यापासून सुरू झाली त्या सिसिली साँडर्स श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. त्यांच्या मनातल्या अशा घरासाठी पहिले 500 पौंड ठेवून गेला तो वॉर्सोहून आलेला, 1948 साली लंडनच्या एका वॉर्डात मरण पावलेला डेव्हिड तास्मा नावाचा ज्यू निर्वासित. तुमच्या घराची मी एक खिडकी होईन, असं तो त्यांना म्हणाला होता. 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं राहिलं ते ख्रिस्ती श्रद्धेतून, पण त्याचं दार सगळ्यांना उघडं होतं. मी ज्या वॉर्डात काम करतो तिथली वागायची रीत या माणसांकडून आलेली आहे. नव्या स्वयंसेवकांना मी ही हकीकत नेहमी सांगतो, कारण त्यांच्यातले बरेच जण आपण कुणाला तरी वाचवायला आलोय असं समजून येतात.

दुपार कलताना ते गेले. थोड्याच वेळात मुलीच्या चर्चमधले चार-पाच जण आले, हातात बायबल घेऊन, मनापासून दुःखी. त्यांच्यातले वडीलधारे खाटेकडे वळले तशी ती मध्ये उभी राहिली. "इथे नको, काका. प्रार्थनेची खोली तिकडे आहे. मी येते तुमच्यासोबत." त्यांना ते आवडलं नाही. एक बाई तर म्हणाल्या, आता काय फरक पडतो. तिने उत्तर दिलं नाही, पण ती जागची हललीही नाही. शेवटी सगळे तिकडे गेले. मीही गेलो, आणि तिथे आम्ही स्तोत्र वाचलं.

कागदपत्रं आटोपून निघताना तिने मला गाठलं. "बाबा आता कुठे असतील?"

तिच्या वडिलांना दिलं होतं तेच उत्तर मी तिला दिलं, शब्दही तेच. तिने ते खोडून काढलं नाही, पण तिला ते पुरलं असंही मी म्हणणार नाही. पुढच्या आठवड्यात फोन करते म्हणाली. केला, आणि अजूनही अधूनमधून करते.